चर्चाविश्व कसे वाचावे : दुष्काळाच्या सरकारी कागदांवर पहिला सराव

'डिस्कोर्स' हा शब्द मराठी परिसंवादांत आणि प्रबंधांत आता सर्रास येतो. त्यासाठी चर्चाविश्व हा शब्दही रुळला आहे. तरी नव्याने सामाजिक शास्त्रांकडे वळलेल्या वाचकाची एक अडचण कायम राहते. व्याख्या कळते, पण समोरच्या कागदाचे करायचे काय, ते कळत नाही. ही पद्धत व्याख्या पाठ करून येत नाही, कागद हातात घेऊनच येते. म्हणून इथे महाराष्ट्रातला दुष्काळ हा एकच विषय घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. हा विषय निवडण्याचे कारण सरळ आहे. दुष्काळ अंगावर येतो तो पाऊस न पडल्यामुळे, पण 'जाहीर' होतो तो कागदावर. या दोहोंमधल्या जागेतच चर्चाविश्व काम करत असते.

कामापुरती व्याख्या अशी धरा. एखाद्या विषयाबद्दल काय बोलता येते, कोणी बोललेले ग्राह्य धरले जाते, ते कोणत्या नमुन्यात बोलावे लागते आणि बोलल्यामुळे पुढे काय घडते, हे ठरवणारी नियमांची चौकट म्हणजे चर्चाविश्व. चारही भाग सारखेच महत्त्वाचे आहेत. नवखा अभ्यासक पहिल्या भागावर थांबतो, म्हणजे शब्द गोळा करतो आणि त्यालाच विश्लेषण समजतो.

कोणाची पद्धत घ्यायची

हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर मध्येच गोंधळ होतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी २ डिसेंबर १९७० रोजी पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये दिलेल्या पहिल्या व्याख्यानात प्रत्येक समाज बोलण्याच्या निर्मितीवर कसे नियंत्रण ठेवतो, ते मांडले. काही विषयांवर बंदी असते, काही माणसांचे बोलणे वेड्याचे म्हणून बाजूला टाकले जाते, आणि खरे कोणते व खोटे कोणते यांची विभागणी संस्था करतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन फेअरक्लॉ यांची वाट वेगळी आहे. ते एकेक वाक्य धरून त्याची रचना तपासतात आणि तिथून सामाजिक सत्तेकडे जातात. जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास यांच्या लेखनातही हाच शब्द येतो, पण तिथे त्याचा अर्थ दबावाविना, फक्त युक्तिवादाच्या बळावर चालणारी चर्चा असा आहे. फुको आणि हाबरमास यांना एकाच परिच्छेदात एकाच अर्थाने उद्धृत करणे ही प्रबंधांत वारंवार दिसणारी चूक आहे, आणि परीक्षक ती पहिल्या पानावरच पकडतात.

पहिल्या सरावासाठी प्रश्न फुकोंचे आणि वाक्य तपासण्याची हत्यारे फेअरक्लॉंची, अशी जोडी सोयीची पडते. दुष्काळाच्या बाबतीत तर फुको अगदी जवळचे आहेत. जानेवारी १९७८ मधल्या व्याख्यानांत त्यांनी अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली धान्यटंचाई घेऊनच राज्यकारभाराची पद्धत कशी बदलली, ते समजावले होते. आधी भाव बांधणे आणि साठेबाजीवर बंदी, नंतर बाजार मोकळा सोडून लोकसंख्येचा एकूण हिशेब पाहणे, असा तो बदल होता.

पायरी १ : प्रश्न बदलून घ्या

'दुष्काळ का पडतो?' हा हवामानशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. 'सरकार दुष्काळ लपवते का?' हा पत्रकारितेचा. आपला प्रश्न असा : दुष्काळ ही मोजता येण्याजोगी, जाहीर करता येण्याजोगी गोष्ट कशी बनली, आणि ती जाहीर करण्याचा अधिकार कोणाकडे गेला?

प्रश्न कागदावर लिहा आणि त्यात 'कसे' किंवा 'कोण' आहे का, ते पाहा. 'का' असेल तर तुम्ही कारणे शोधत बसाल आणि कागद नुसते पुरावे म्हणून वापराल. इथे कागद हेच अभ्यासाचे क्षेत्र आहे.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. चर्चाविश्वाचा अभ्यास म्हणजे 'दुष्काळ खरा नसतो, तो भाषेत असतो' असा दावा नव्हे. राजकीय सिद्धांतकार एर्नेस्तो लाक्लाउ आणि शांताल मूफ यांनी १९८५ मध्ये हा मुद्दा भूकंपाचे उदाहरण देऊन मांडला. भूकंप होतोच, त्यात वाद नाही, पण तो निसर्गाची घटना ठरतो की देवाचा कोप, हे चर्चाविश्वावर अवलंबून असते. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. अस्मानी आणि सुलतानी हे दोन शब्द आपल्याकडे शतकानुशतके जोडीने बोलले जातात. एकच आपत्ती कोणत्या खात्यात टाकली, यावर जबाबदार कोण हे ठरते.

पायरी २ : कागद निवडा

पहिल्या सरावाला ८ ते १२ कागद पुरतात. कमी घेतले तर नियम दिसत नाही, जास्त घेतले तर वाचनच वरवरचे होते. कागद तीन अटींवर निवडा. ते वेगवेगळ्या काळातले असावेत, वेगवेगळ्या जागेवरून बोललेले असावेत, आणि त्यांतले निदान दोन असे असावेत की ज्यांच्यामुळे प्रत्यक्ष काहीतरी घडले, म्हणजे पैसा हलला, कामे निघाली, वसुली थांबली.

दुष्काळासाठी निवड अशी करता येईल :

१८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात अधिकाऱ्यांनी काय करायचे याची नियमपुस्तके. कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढणारा १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा. १९७७ चा रोजगार हमी कायदा. केंद्राची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता. ३१ ऑक्टोबर २०१८ चा महसूल व वन विभागाचा शासन निर्णय. त्याच आठवड्यातली दोन वृत्तपत्रांची वार्तांकने. विधानसभेतल्या चर्चेचा एखादा भाग. ग्रामसभेचा एखादा ठराव. आणि सरकारी नसलेला किमान एक जुना आवाज, उदाहरणार्थ जोतीराव फुले यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड'.

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून मिळतात. प्रत्येकावर छापलेला सांकेतांक वहीत उतरवून घ्या. एकाच विषयावर शुद्धिपत्रके आणि सुधारित निर्णय निघत राहतात, आणि नंतर कोणता मजकूर वाचला होता ते आठवत नाही. वृत्तपत्रातली बातमी वाचून शासन निर्णयाबद्दल लिहू नका. बातमीदार सरकारी वाक्य सोपे करतो, आणि आपल्याला तर ते अवघड वाक्यच हवे असते.

पायरी ३ : तीन वेळा वाचा, दर वेळी वेगळे शोधत

पहिल्या वाचनात फक्त वस्तू शोधा : हा कागद कशाबद्दल बोलतो? माणसांबद्दल, पिकांबद्दल, पावसाबद्दल, की खर्चाबद्दल? दुसऱ्या वाचनात बोलणारा शोधा : तो कोणत्या पदावरून, कोणाच्या शिफारशीवर, कोणत्या आधाराने बोलतो? तिसऱ्या वाचनात परिणाम शोधा : या वाक्यानंतर कोणाला काय करावे लागणार आहे?

वहीत चार रकाने आखा. पहिल्यात मूळ वाक्य जसेच्या तसे, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात बोलणारा, चौथ्यात परिणाम. स्वतःचे मत या रकान्यांत लिहू नका, ते समोरच्या पानावर. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण ती पाळली नाही तर महिनाभराने कागदाचे म्हणणे कोणते आणि आपले कोणते, ते वेगळे काढता येत नाही.

पायरी ४ : वाक्य उसवा

सरकारी मराठीची स्वतःची घडण आहे आणि ती फार बोलकी आहे. शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत 'ही बाब शासनाच्या विचाराधीन होती' असे येते. पुढे 'जाहीर करण्यात येत आहे', 'निदर्शनास आले आहे', 'मान्यता देण्यात येत आहे'. या वाक्यांत करणारा कुठेच नाही. निदर्शनास कोणाच्या आले, कोणी आणले, त्याआधी किती दिवस आले नव्हते, हे प्रश्न त्या रचनेत विचारताच येत नाहीत. असे प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा आणि कडेला विचारा : कर्ता परत घातला तर हे वाक्य कसे होईल? 'तहसीलदारांनी अहवाल पाठवला आणि मंत्रिमंडळाच्या उपसमितीने तो मान्य केला', असे लिहून पाहिले की जबाबदारीची साखळी दिसू लागते. अर्थात कर्मणी प्रयोग म्हणजे लबाडी, असा निष्कर्ष लगेच काढू नका. निर्णय व्यक्तीचा नसून शासनाचा आहे, हे सांगण्यासाठीही तो लागतो. दोन्ही शक्यता नोंदवा.

मग शब्दांना जोडलेल्या शेपट्या पाहा. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यात १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली. आठवड्याभरात, ३१ ऑक्टोबरला, १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला : ११२ तालुके गंभीर, ३९ मध्यम. पाऊस तर तोच होता. मग 'सदृश' कशासाठी? कारण केंद्राच्या संहितेप्रमाणे एकामागून एक कळा (ट्रिगर, म्हणजे पुढचा टप्पा सुरू करणारे निकष) लागू कराव्या लागतात आणि शेवटी गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत 'दुष्काळ' म्हणता येत नाही. 'सदृश' ही शेपटी प्रक्रियेतली जागा दाखवते. हे कळले की 'सरकार शब्दांचा खेळ करते' या सवंग निष्कर्षापेक्षा जास्त काही हाती लागते : कोणत्या टप्प्यावर कोणता शब्द उच्चारण्याची परवानगी आहे, हा नियमच सापडतो.

पायरी ५ : आकडा कुठे बसतो ते पाहा

चर्चाविश्व फक्त शब्दांत नसते, तक्त्यांत आणि मर्यादारेषांतही असते. ही पायरी गाळली तर अभ्यास भाषाशैलीची चर्चा होऊन बसतो.

जुनी रेषा पैसेवारीची. तिला आधी आणेवारी म्हणत. नेहमीचे पीक सोळा आणे धरायचे आणि यंदाचे किती, ते पाहायचे. दशमान नाणी आल्यावर आण्यांचे पैसे झाले आणि ५० पैसे ही रेषा ठरली. गावात पीक कापणीचे प्रयोग होतात, हंगामी, सुधारित आणि अंतिम असे तीन आकडे निघतात. एखाद्या गावाचा अंतिम आकडा ४९ आला की ५१, यावर त्या गावाचे वर्ष ठरायचे. म्हणूनच पैसेवारी जास्त लावली, ही तक्रार ग्रामीण महाराष्ट्रात इतकी जुनी आहे. लोक ज्या आकड्यावर भांडतात, तो आकडा चर्चाविश्वाचा सांधा असतो. तो शोधा.

२०१६ च्या संहितेने सांधा हलवला. आता आधी पावसातली तूट आणि पावसाचा खंड पाहतात. मग प्रभावदर्शक निर्देशांक येतात : पेरणीखालचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी वनस्पतींची स्थिती, जमिनीतला ओलावा, आणि धरणे-भूजलाची स्थिती. त्यानंतर तालुक्यातल्या १० टक्के गावांत पडताळणी. बोलण्याचा अधिकार गावातल्या पीक पाहणाऱ्याकडून उपग्रहाच्या नकाशाकडे सरकला. यात काही चांगलेही झाले : स्थानिक दबावाला जागा कमी उरली. पण शेतकरी ज्याच्याशी बांधावर वाद घालू शकत होता, तो माणूसही समोरून गेला. हे दोन्ही लिहा.

आकड्याच्या पलीकडे काय मिळते, तेही उतरवून घ्या. दुष्काळ जाहीर झाला की महाराष्ट्रात ठरावीक सवलती लागू होतात : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज असेल तिथे टँकर, आणि पंपांची वीज न तोडणे. ही यादी नीट वाचा. जमीन, कर्ज, पंप. सवलतींचा मोठा भाग सातबारा नावावर असलेल्याकडे जातो. ऊसतोडीला निघालेला भूमिहीन मजूर, नवऱ्याच्या नावच्या शेतात राबणारी बाई, दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा, यांच्यासाठी या यादीत रोजगार हमी आणि टँकर एवढेच ठोस उरते. 'बाधित' कोण हे कागद कुठेही व्याख्या करून सांगत नाही, पण सवलतींची यादी ते सांगून जाते. चर्चाविश्वात 'माणूस कोण' हे बहुधा असेच, आडून ठरते.

पायरी ६ : काळाचे तुकडे जोडू नका, तोडून पाहा

नवखे अभ्यासक सलग इतिहास लिहितात : आधी असे होते, मग सुधारणा झाली. त्याऐवजी तुटक जागा शोधा, जिथे बोलण्याची वस्तूच बदलली.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ घ्या. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत माणसे मरत असताना भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकार्यावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडी रोकड इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. त्यावर सरकारातच वाद झाला. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर राबणारे शरीर टिकत नाही असे सांगितले, तर पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू लावून धरली. वाद किती क्रूर होता, हे तर दिसतेच. पण चर्चाविश्वाच्या दृष्टीने पाहायचे ते हे की या वादात सगळ्यांच्या मध्यभागी माणसाचे भुकेलेले शरीर होते. पुढे संहिता आल्या, त्यांतही धोक्याच्या खुणा म्हणून धान्याचे चढते भाव, उधारी बंद होणे, चोऱ्या वाढणे, माणसांचे आणि गुरांचे कळप वाट फुटेल तिकडे भटकू लागणे, हे सगळे नोंदवायला सांगितले होते.

आता तीच यादी २०१६ च्या निर्देशांकांशेजारी ठेवा. पाऊस, पेरा, हिरवेपणा, ओल, धरण. भाव गेले, उधारी गेली, भटकणारी माणसे गेली. सवलती आजच्या जास्त आहेत, उपासमारीने मरण्याची भीती तेव्हाइतकी नाही, आणि तरीही मोजण्याच्या यादीतून माणूस बाहेर पडला आहे. मराठी मजकुरात दोन्ही ठिकाणी 'दुष्काळ' हाच शब्द येतो, त्यामुळे हा बदल सहज निसटतो. दोन याद्या शेजारी ठेवणे हा यावरचा सोपा उपाय.

दोहोंच्या मध्ये १९६३ आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढला आणि तिथे 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, असा शब्द घातला. कायद्याच्या प्रास्ताविकातला तर्क असा : शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत पोहोचते, त्यामुळे आता तशी परिस्थिती उद्भवायला वाव नाही. नऊच वर्षांनी १९७२ आले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक मदतकार्यांवर खडी फोडत, माती वाहत होते. सरकारी कागदांत ती टंचाई राहिली. महाराष्ट्रातल्या घराघरांत आजही तो बहात्तरचा दुष्काळ आहे. त्या कामांच्या अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्यात वस्तू पुन्हा बदलली : आपत्तीतली मदत नव्हे, तर काम मागण्याचा हक्क. मागणारा मजूर इथे प्रथमच बोलणारा म्हणून कायद्यात आला. आपल्या सरावातला हा सर्वांत समृद्ध तुटक बिंदू आहे, त्याला वेळ द्या.

पायरी ७ : चौकटीबाहेरचे बोलणे शेजारी मांडा

सरकारी चौकटीत काय बसत नाही, हे कळायला दुसरे बोलणे लागते. फुले १८८३ मध्ये शेतकऱ्याच्या हलाखीचे कारण पावसात शोधत नाहीत. सारा, कोर्टकचेऱ्या, कारकुनांची लूट, गायराने गिळणारे जंगल खाते, ही त्यांची यादी. १८८० चा आयोग आणि फुले यांच्यात तीन वर्षांचे अंतर, पण वस्तू पूर्णपणे निराळी. तुकोबांच्या अभंगात दुष्काळाने द्रव्याबरोबर मानही नेल्याचे दुःख आहे. मान हा रकाना कोणत्याच संहितेत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये, अन्न असूनही ते मिळवण्याची ऐपत गेल्यामुळे माणसे मरतात, असे दाखवले तेव्हा त्यांनीही वस्तू बदलली.

इथे धोका असा की बाहेरचा आवाज सापडला की अभ्यासक त्याच्या प्रेमात पडतो आणि त्याचे नियम तपासायचे सोडून देतो. फुल्यांच्या मांडणीलाही नियम आहेत, ग्रामसभेच्या ठरावालाही आहेत. ठरावातली भाषा पुष्कळदा शासन निर्णयातून उचललेली असते, कारण मदत मागायची तर त्याच भाषेत मागावी लागते. असे उसने वाक्य सापडले तर त्यावर खूण करा. चौकट बाहेरच्यांच्या तोंडूनही कशी बोलते, याचा तो थेट पुरावा असतो.

पायरी ८ : लिहायला बसताना

वहीतले रकाने वाचून तीन-चार नियम वाक्यरूपात लिहा. उदाहरणार्थ : 'तालुका हे एकक ठरल्यामुळे तालुक्यापेक्षा लहान कोरडेपणा बोलता येत नाही.' प्रत्येक नियमाखाली निदान तीन वेगवेगळ्या कागदांतली वाक्ये यायला हवीत. एकाच कागदावर उभा राहिलेला नियम हा त्या कागदाचा गुण असतो. मग नियम मोडणारे वाक्य मुद्दाम शोधा. वरच्या उदाहरणात ते लगेच सापडते : २०२३ मध्ये आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि ओरड झाल्यावर उरलेल्या भागांत महसुली मंडळ हे तालुक्याहून लहान एकक धरून 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर करावी लागली. असे वाक्य सापडले तर नियम टाकून देऊ नका. तो कोणाच्या दबावाने, किती वाकला आणि वाकताना 'सदृश' ही शेपटी का टिकली, ते लिहा.

हेतूंबद्दल लिहिणे टाळा. 'सरकारला लपवायचे होते' हे कागदातून सिद्ध होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. प्रामाणिक तलाठी, कष्टाळू तहसीलदार आणि सहानुभूती असलेला मंत्री एकत्र आले तरी रकाना नसलेली गोष्ट नोंदवली जात नाही. पहिल्या लेखाची लांबी १५०० ते २००० शब्द ठेवा, त्यातला निम्मा भाग एकाच तुटक बिंदूला द्या, आणि लेखासोबत चार रकान्यांची वही जपून ठेवा. पुढचा दुष्काळ जाहीर होईल तेव्हा पहिला शासन निर्णय तिच्यात उतरवायचा आहे.